उपासाच्या चक्कीवर ज्वारी

माझी वहिनी मंदाकिनी हिच्याइतकं मन लावून जेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. लग्नाला गेलं की बाकीच्या बायका नवरीचे दागिने बघायच्या, ही अळूच्या भाजीत मुळा घातलाय का ते बघायची. अशा बाईला पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, गहू बंद. कणीक, रवा, मैदा, सगळंच, आणि जन्मभर. गव्हातलं ग्लुटेन म्हणे तिच्या आतड्यांना सोसत नव्हतं. वर्षभर पोट बिघडून ती इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या.

"म्हणजे गुळाची पोळी?" तिनं विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. "शिरा?" तोही नाही. "मग जगून करायचं काय, तेही लिहून द्या," असं म्हणून वहिनी उठली.

पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हे. कर्वेनगरच्या त्यांच्या घरातून कणकेचा डबा हद्दपार झाला. नवा पोळपाट आला, नवा तवा आला. डबीतल्या हिंगातही कणीक असते हे कळल्यावर खडा हिंग आला. मग रोज घावन, मुगाची धिरडी, आंबोळ्या, ज्वारीची भाकरी नि पिठलं. श्यामसुंदरदादा, म्हणजे माझा भाऊ, बायकोच्या आजारपणात चांगला गुबगुबीत झाला. वहिनी मात्र होती तशीच. अधूनमधून पोट धरून आडवी व्हायची. कुणाकडे जेवायला जाणं तिनं सोडून दिलं आणि स्वतःच्या ताटाकडेही संशयानं बघायला लागली. मला भीती वाटायची, खरंच सांगते.

तेवढ्यात नवरात्र आलं. नऊ दिवसांचे उपास ती दरवर्षी करते. मी म्हटलं, "वहिनी, या तब्येतीत उपास? देवीलासुद्धा संकोच वाटेल." ऐकेल तर ती वहिनी कसली. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याच्या पुऱ्या, उपासाच्या भाजणीचं थालीपीठ. आणि काय सांगू, त्या नऊ दिवसांत तिच्या चेहऱ्यावर तजेला आला. दसऱ्याला भाकरी खाऊन उपास सोडला नि दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवी.

"वन्सं, भाकरीतच काहीतरी आहे," ती म्हणाली. "पीठ कसं दळतात ते बघून येऊ."

पीठ यायचं नारायण पेठेतल्या दिगंबरच्या गिरणीतून. दादानं घर बदललं होतं, गिरणी बदलली नव्हती. ऑफिसला जाताना तो डबा टाकायचा, येताना उचलायचा. मधे काय होतं ते त्यानं कधी पाहिलंच नाही. तिला जरा उठवेनासं संपल्यावर, आठवड्याभरानं आम्ही जाऊन उभ्या राहिलो तेव्हा मोठ्या चक्कीवर कुणाचे तरी गहू संपत होते आणि त्याच्यावरच दिगंबरनं पुढची ज्वारी ओतली. सगळीकडे असंच चालतं. सुरुवातीचं मूठभर पीठ मिसळलं म्हणून कोण मरतंय? आमची वहिनी मरत होती. कोपऱ्यात एक छोटी चक्की होती, तिच्यावर फक्त उपासाचं दळायचे.

"माझी ज्वारी त्या चक्कीवर टाका," वहिनी म्हणाली.

दिगंबरचा हात थांबला. "उपासाच्या चक्कीवर धान्य? वहिनी, लोक माझी गिरणी बंद पाडतील."

रांगेत दीनानाथकाका राजगिरा घेऊन उभे होते. निवृत्त गणिताचे मास्तर, एकादशी कधी न चुकवलेले. ते म्हणाले, "बाई, तुमच्या पोटासाठी आम्ही उपास मोडायचे, हे बरं आहे."

एरवी वहिनी टोमणा उधार ठेवत नाही. त्या दिवशी ती हळू बोलली. "काका, तुमच्या पिठात माझी ज्वारी आली तर तुमचं पुण्य चिमूटभर कमी होईल. माझ्या पिठात गहू आला की मीच कमी होते." तिनं हात वर केला आणि बांगड्या सरसर कोपराशी गेल्या.

काका त्या बांगड्यांकडे बघत राहिले. मग दिगंबरला म्हणाले, "एकादशी झाली की बारशीला या चक्कीवर कुणी फिरकत नाही. तेव्हा यांची ज्वारी दळ. मागून माझे पसाभर वऱ्याचे तांदूळ फिरव, म्हणजे चक्की पुन्हा उपासाला मोकळी. ते पीठ चिमण्यांना घाल." आणि वहिनीकडे वळून, "उपकार समजू नका. मला भाकरी खायला बोलवा."

पुढची बारस म्हणजे वसुबारस. त्या दिवशी आमच्याकडे बायका गहू खातच नाहीत. संध्याकाळी गायीची पूजा झाल्यावर मी वहिनीला आणि काकांना आमच्याकडेच जेवायला बोलावलं. ती सकाळी छोट्या चक्कीवर दळून आणलेलं आपलं पीठ आणि आपला तवा घेऊन आली. भाकरी नि गवारीची भाजी. पहिला घास तिनं फार वेळ चावला. नंतर कुणाकडे न बघता खाली मान घालून जेवली.

मला रात्रभर झोप नाही. सकाळी भीत भीत फोन केला. "वहिनी, पोट कसं आहे?"

"रिकामं आहे," ती म्हणाली. "कालची गवार उरलीय का?"

मी फोन ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि तिचं उरलेलं पीठ काढून भाकरीसाठी पाणी तापत ठेवलं.