मुश्ताकभाईचं अरबी मी बोललो

हे आजपर्यंत तोंडातून निघालेलं नाय. बायकोपुढं नाय, मशिदीत हात वर करून पण नाय. जगाला हसवत फिरतो मी, आणि ही एक गोष्ट गिळून बसलोय. तुला सांगतो. नीट सांगता येईल का? चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरच उठून गेले—असला मी.

सौदीत, यान्बूला, कफीलचा—म्हणजे ज्याच्या व्हिसावर गेलो त्या मालकाचा—ड्रायव्हर होतो. त्याच्या व्हिलाखाली तळघर होतं, बंद पडलेलं, भिंती ओल्या. कफील म्हणाला, नीट करून घे, बायको-पोरीला आणून राहा. झालं! ज्याला घरी एक खिळा सरळ मारता येत नव्हता, तो मोबाइलवर चार व्हिडिओ बघून मिस्त्री झाला. पगार गेला ओल अडवायच्या केमिकलात. निम्म्या टाइल्स कापतानाच फुटल्या. कंबर गेली, अंगठ्याचं नख गेलं. अक्कल? नव्हतीच, ती जाणार कुठून?

मुश्ताकभाई—दापोलीकडचा, त्याच कफीलकडे, पण खरा मिस्त्री—बघून म्हणाला, "अरे शहाण्या, इथं समुद्र पायाखाली आहे. आधी कडेनं चर काढ, पंप बसव. टाइल्स मग."

मी काय बोललो? "भाई, इथं वर्षाला दोन थेंब पडतात. पाणी येणार कुठून, तुमच्या डोळ्यांतून?" कोकणातलं डोकं! पाणी म्हणजे वरून कोसळणार, कौलातून गळणार. खालून चढतं हे पटायला नको?

तरी त्यानं एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, येऊन माझ्या वाकड्या रांगा सरळ करून दिल्या. फुकट.

दोन महिन्यांत टाइल्स फुगल्या, गळून पडल्या. कफीलनं तिथं ठेवलेले गालिचे खाऱ्या पाण्यात. तो खाली आला. आम्ही दोघं समोर. ओरडला—कोणी केलं हे?

आता ऐक. मुश्ताकभाईला अरबी म्हणजे यल्ला आणि खलास, बस. मला येतं. मग त्याच्या वतीनं बोलणार कोण? तो मला म्हणाला, "सांग त्याला, मी आधीच पंप लावायला सांगितलं होतं."

आणि मी अरबीत सांगितलं—हा म्हणतो, काम माझंच, माझं चुकलं.

एवढ्या सफाईनं मी एक टाइल बसवली नव्हती.

माझ्या बायको-पोरीचा व्हिसा बुडेल म्हणून? बुडाला असता. त्याची पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ठाऊक होतं मला. तिच्या पास झाल्याचे पेढे खाल्ले होते मी.

कफीलनं त्याला कायमचं घरी पाठवलं. मी भाईला म्हणालो, लय समजावलं, ऐकतच नाय. एअरपोर्टला सोडायला कोण गेलं? मीच, ड्रायव्हर ना.

बॅग उतरवताना तो म्हणाला, "एवढा पेटलेला माणूस, पोलिसात दिलं असतं त्यानं. तू बोललास म्हणून इज्जतीत चाललोय."

मी म्हणालो, "आपल्या माणसासाठी एवढं करायलाच लागतं, भाई."

त्यानं मिठी मारली. मी पण मारली. घट्ट.