टॅक्सीच्या पोटात शर्यतीचा कॅम

तुमच्या गाडीने शेवटची शर्यत कधी जिंकली, सांगता का? नाही ना आठवत? मग ज्या वर्कशॉपने टॅक्सीवाल्यांच्या इंजिनात शर्यतीचे कॅमशाफ्ट बसवले, तिथल्या ताईची गोष्ट ऐकाच.

ताई बावीस वर्षं तिथे कॅमशाफ्टचं ग्राइंडिंग करत होती. इंजिनात फिरणारा हा दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. उंचवटा वर आला की व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन श्वास घेतं. आकार केसभर चुकला तरी ताईच्या बोटाला आधी कळायचं, मापाच्या यंत्राला मागाहून.

नव्या आकाराचे कॅम शर्यतवाल्यांसाठी, असं मालकांनी तिला सांगितलं. बाहेर पाटी मात्र लावली: ‘ताकद वाढवा, इंधन वाचवा!’ एका दगडात दोन पक्षी, आणि पक्षी म्हणजे टॅक्सीवाले. पहिला पक्षी ताईचा सख्खा धाकटा भाऊ; त्याने आपल्या टॅक्सीत तो कॅम बसवून घेतला. बहिणीला विचारायचं कशाला? पाटी होती ना!

आठवड्याने तो तणतणत आला. “ताई, हे तुझंच काम ना? सिग्नलला गाडी थरथरते, चढावर मान टाकते, आणि टाकी नुसती ढोसतेय!”

“दिवसभर कितव्या गिअरला असतोस?”

“बाजारात कितव्याला असणार? दुसऱ्याला!”

“अरे शहाण्या, हा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवतो. सुसाट पळताना इंजिन छाती भरून हवा घेतं, ताकद येते. तू रांगतोस. मग इंधन न जळताच धुराड्यातून बाहेर. रस्त्याला पाजतोयस!”

“आणि हे तू आत्ता सांगतेस?”

ते तिला झोंबलं. ती तडक मालकांकडे गेली.

“बाई, इंजिनिअर मी की तुम्ही?”

“तुम्हीच. म्हणून तर नवल वाटतंय.”

“उद्या पंधरा कॅम तयार हवेत. नाहीतर येऊ नका.”

ताई आली. पण मशीनवर नाही, फाटकावर. एका हातात जुना कॅम, दुसऱ्यात नवा. कॅम बसवायला रांगेत थांबलेल्या एकेका टॅक्सीवाल्याला उंचवट्यावरून अंगठा फिरवायला लावला. “हा बाजारात चालायचा, हा मैदानात पळायचा. तुम्ही कुठे असता?” दुपारपर्यंत रांग गायब. मालक दिलदार, त्यांनी संध्याकाळची वाटही पाहिली नाही. बडतर्फीच्या पत्रात गुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिला: ग्राहकांना माहिती देणे.

कामगार न्यायालयात सोमवारी सुनावणी आहे. तिथे मालक म्हणणार, एकाही गाडीची तक्रार नाही. तुमच्या गाडीत तो कॅम असेल तर घरी बसून हळहळू नका. कॅम बसवण्याआधीच्या आणि नंतरच्या इंधनाच्या पावत्या घ्या, सकाळी दहाला या आणि ताईच्या बाजूने साक्ष द्या.