न लागलेलं दही

कडावला आमच्या शेजारी राहणारी मावशी कुणालाही दही दिल्याशिवाय गावाबाहेर जाऊ देत नसे. कर्जतच्या बाजाराला निघालेल्यालाही हाक मारून थांबवी आणि तळहातावर चमचाभर दही ठेवी. बोलणं कायम दटावणीचं: "चाट रं, बघतोस काय?" तिचं दही वाटी उपडी केली तरी पडत नसे.

सहा वर्षं मस्कतला काढून मी दोन महिने घरी आलो होतो. साजगावच्या एका कारखान्यात नोकरी मिळत होती, पण पगार मस्कतच्या चौथाई. म्हणून परत जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी टेंपोत ट्रंक चढली, सगळ्यांचा निरोप घेऊन झाला. मावशी मात्र रिकाम्या हातांनी आली.

"दही लागलं नाय रं आज."

"तुझं दही? मावशी, असं कधी झालंय?"

"आज झालं. बिनदह्याचा जाशील, तर जा."

बायको तोंड फिरवून हसली. मलाही हसू फुटलं, आणि जायचा विचार मी तिथेच सोडला. तोवर मावशीने ट्रंक खाली ओढली होती आणि ती टेंपोवाल्याला सुनावत होती, "कोनाची वाट बघतोस रं? तो नाय येत आता!"