चार दिवसांचे पाहुणे

अक्का दारात उभ्या राहून आधी म्हाताऱ्याच्या पायातल्या चपला काढायच्या आणि मग घरातल्या बाईला विचारायच्या, "चार दिवसांचा पाहुणा आहे. ठेवून घेता ना?"

चपला निघालेल्या माणसाला दारातून परत कोण पाठवणार? बाई बाजूला सरायची, अक्का म्हाताऱ्याला आत नेऊन भिंतीशी टेकवायच्या आणि निघायच्या. मग काही दिवस त्या गल्लीत पाऊल ठेवायच्या नाहीत. कोणी बाजारात गाठून विचारलंच, "अक्का, तुमचे चार दिवस कधी संपायचे?" तर म्हणायच्या, "अगं, मी शाळेपासून गणितात नापास."

अशी गोड दादागिरी करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा राग येतो आणि त्यांचं काम मात्र आपण करून बसतो.

अक्का धुळ्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात समाजसेविका होत्या. मी जळगावच्या एका तेलगिरणीवाल्या शेठजींच्या ट्रस्टचा चिटणीस. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली की त्यांच्या वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये सतरंजी टाकून सलाईन लावत. आणि खाटांवर कोण? बरी झालेली म्हातारी माणसं. डॉक्टर केसपेपरवर 'सुट्टी' लिहून मोकळे होत, पण न्यायला कोणी येत नसे. पोरगा सुरतेला, सून माहेरी, घराला कुलूप.

"डॉक्टर सुट्टी देतात," अक्का म्हणायच्या, "घर कोण देणार?"

म्हणून त्यांनीच दवाखान्यामागच्या गल्ल्यांतून घरं शोधली. ट्रस्टकडे आल्या त्या एसटीने, पारोळ्याच्या स्टँडवरची धूळ केसांत घेऊन. शेठजी म्हणाले, "बाई, आम्ही वॉर्डाला नव्या खाटा देतो."

"नवी खाट दिलीत तर तिच्यावर आणखी एक बरा झालेला म्हातारा झोपेल. खाट मोकळी करायला पैसे द्या."

"पण मोकळी खाट लोकांना दिसते कुठे?"

"दिसत नाहीच शेठजी. लगेच दुसरा आजारी तिच्यावर झोपतो ना!"

शेठजी हसले आणि वर्षभराची मदत मंजूर झाली. पाहुणा असलेल्या घरी दर महिन्याला ज्वारी, डाळ, तेल आणि दुधाचे पैसे. अक्का ते स्वतः पोचवत, संध्याकाळी, पिशवी पदराआड धरून. मला पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "भाऊ, ट्रस्टचं नाव गल्लीत घ्यायचं नाही. पाहुणा आहे तोवर लोक सांभाळतील. दानधर्माचा झाला की नाही सांभाळणार."

मला ते कळलं होतं. कळलं नव्हतं असं आज म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या पाहुण्यांतले एक नाना मला जास्त आठवतात. शिंदखेडा तालुक्यातले. नरडाण्याच्या स्टेशनात पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे. मांडीचं हाड मोडून आले, हाड जुळलं, पण भाऊबंद काही आले नाहीत. अक्कांनी त्यांना एका कंडक्टरच्या घरी ठेवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर पाहून पहिल्या दिवशी नानांनी पाणीही घेतलं नाही. मी अक्कांना म्हटलं, "जमेल का यांचं?"

"भूक काय जात विचारते? थांबा जरा."

दुसऱ्या दिवशी नानांनी चहा मागितला, तोही बशीत. महिन्याभराने ते त्या घरची भाजी निवडत बसलेले दिसायचे. कंडक्टरच्या बायकोला सांगायचे, "बेटी, तुना नवरानी गाडी लेट शे. आमनी रेल्वे आशी नही व्हती." ती म्हणायची, "रेल्वे वेळेवर होती तर तुम्ही इथे कसे राहिलात, नाना?" यावर सगळ्यात मोठ्याने हसायचे ते नानाच.

दुसऱ्या वर्षी ट्रस्टच्या बैठकीत शेठजींचे धाकटे भाऊ म्हणाले, "पैसा गेला, पण आपलं नाव कुठे आहे? पाटी कुठे लावायची?" मदत बंद पडणार असं दिसत होतं. मी म्हणालो, प्रत्येक घराला एक लोखंडी खाट देऊ, तिच्या डोक्याशी मातोश्रींच्या नावाची पाटी. सगळे खूश झाले. शेठजींनी विचारलं, "बाईंना चालेल ना?"

मी म्हणालो, "त्यांना विचारलंय. पसंत आहे."

विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. मदत वाचवायची होती हे खरंच, पण बैठकीत पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते, हेही खरं.

खाटांचा टेम्पो आणि फोटोग्राफर घेऊन मी त्या गल्लीत गेलो तेव्हा अक्का दवाखान्यात होत्या. कंडक्टरच्या घरी खाट मांडली. गल्ली दारात जमली. नाना खाटेवर बसले, मान वळवून पाटी वाचू लागले. मालगाडीच्या वाघिणींवरची अक्षरं वाचायची सवय, एकेक अक्षर मोठ्याने. "कै... सौ... यांच्या स्मरणार्थ." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, मी आजून मरेल नही शे."

सगळे हसले, फोटोग्राफरही. कंडक्टरची बायको हसली नाही. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अस्सं! तरीच म्हातारा ठेवलाय." ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "साहेब, आम्ही पाहुणा ठेवला होता. तुम्ही तर आमच्या घराचं दुकान करून टाकलं."

त्याच संध्याकाळी ती नानांना रिक्षात घालून दवाखान्यात सोडून आली. रडत होती, असं नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात बाकीची घरंही रिकामी झाली. वॉर्डात नानांची जागा केव्हाच भरली होती. त्यांना सतरंजीवर झोपवलं, साथीच्या रोग्यांच्या मध्ये.

शेठजींनी बैठक बोलावली. अक्का माझ्या शेजारीच बसल्या होत्या. शेठजी म्हणाले, "असं झालं कसं?" मी म्हणालो, "घरं भरवशाची नव्हती. निवडीत चूक झाली."

निवड अक्कांची होती. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. एक वाक्य बोलल्या असत्या तर माझी नोकरी गेली असती. त्या शेठजींना म्हणाल्या, "त्या खाटा आता पडूनच असतील. वॉर्डात तरी पाठवता का? नाना जमिनीवर आहेत."

खाटा पाठवायचं ठरलं. टेम्पो मिळेपर्यंत नाना गेले. मोडलेलं हाड केव्हाच जुळलं होतं. गेले ते जुलाबाने.

मदत बंद झाली. अक्का नंतर नोकरी सोडून शिंदखेड्याच्या आपल्या घरी राहायला गेल्याचं कानावर आलं. धुळ्याला मी अनेकदा गेलो, पण तिथून त्यांच्या घराचा रस्ता टाळत राहिलो. माफी मागायचं ठरवायचो आणि दुसरंच काम काढायचो. त्या गेल्याची बातमी आली, तेव्हा कुठे शिंदखेड्याला त्यांच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं घर. भावजय दारात आली. आत कोपऱ्यात एक म्हातारी आणि दोन म्हातारे जेवत होते. अक्का शेवटपर्यंत माणसं स्वतःच्याच घरी आणत होत्या. हे त्यातले उरलेले.

भावजयीने मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "यांच्यातल्या कोणाला न्यायला आलात का?"

ताटावरची म्हातारी थांबली. हात तसाच उष्टा. डाव्या हाताने तिने मागचं गाठोडं ओढून मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "नाही. सहज आलो होतो."