न हसणारा तांडेल आणि आमचे खोटे सिनेमे

सुकायला टाकताना बोंबील कसे एकमेकांच्या जबड्यात अडकवतात? आमच्या सातपाटीचे किस्से तसेच. एक ओढला की दुसरा लटकत येतो.

पावसाळ्यात मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या. आम्ही शेडमध्ये जाळी विणतो आणि कधीच न निघालेल्या सिनेमांची सोंगं काढतो. मी चौथी पास, म्हणून डायरेक्टर! सगळे हसतात, फक्त होडीचा कप्तान, हिराजी तांडेल, हसत नाही. त्याच्या होडीवर बारा वर्षं काम करणाऱ्या रघ्यानंसुद्धा त्याचे दात कधी पाहिले नव्हते.

यंदा हिराजी वैतागला. "बाबू, गणपतीपर्यंत मला एकदा हसवून दाखव. लुगडं नेसून तुझ्या सिरियलीत सून होईन! नाय जमलं, तर वर्षभर तू जाळ्यापाशी तोंड उघडायचं नाय."

वर्षभर गप्प? त्यापेक्षा मला समुद्रात टाका!

*

पहिली सिरियल, ‘सासूचा बोंबील कोणी खाल्ला?’ सासूनं हा एकच प्रश्न विचारायचा. मग रघ्या बादली बडवणार, धडाम! धडाम! धडाम! आणि प्रत्येकानं दचकलेलं तोंड तीन-तीनदा वळवून दाखवायचं, टीव्हीवर दाखवतात तसं. एका बोंबलाला अख्खी दुपार गेली. बायका पोट धरून हसल्या.

हिराजी म्हणाला, "तेवढ्यात दुसरा सुकला असता."

*

मग हॉरर! ‘पेटीतली हडळ’. पांढरी चादर गुंडाळून रघ्याला बर्फाच्या पेटीत बसवला. हिराजीनं झाकण उघडलं. रघ्या किंचाळला. मागे उभा मीसुद्धा किंचाळलो, आणि सिनेमा तर माझाच!

हिराजी शांतपणे म्हणाला, "बाहेर ये. बर्फ वितळतो." आणि झाकण लावलं. रघ्या आतच!

*

म्हटलं, आता परदेशी लेव्हल. ‘मंगळावर म्हावरं’. माझा भाचा बोईसरला कारखान्यात आहे, त्याचं हेल्मेट आणलं. ते घालून रघ्या हळूहळू तरंगत चालला. "इथं माणसाला वजनच नाय!"

सुकी मासळी विकून आलेली पारूवहिनी, म्हणजे हिराजीची बायको, ओरडली, "मंगळावरची मासळी ताजी हाय का रे?"

सगळी शेड हसली. हिराजीनं कोपऱ्यात बोट दाखवलं. "वजन नाय ना तुला? मग ते ओलं जाळं उचलून ठेव."

ठेवलं बिचाऱ्यानं. हेल्मेटसकट!

*

शेवटी न्यूज चॅनल काढलं. रघ्या प्लास्टिकचा मग माईकसारखा धरून बोंबलत होता, "ब्रेकिंग न्यूज! तांडेलाच्या ओठाचा डावा कोपरा हलला! बघा, सर्वात आधी आमच्याकडे!"

माशी बसली होती.

*

गणपती आले. आरती झाली आणि संध्याकाळी मांडवातल्या स्टेजवर माझा शेवटचा डाव, ‘तुफानातला तांडेल’. हिराजीची टोपी घालून मीच तांडेल झालो. पडद्याचा दोर रघ्याच्या हातात. वादळ आलं आणि मी मुद्दाम एकेक ऑर्डर उलटी द्यायला लागलो. लाटेला होडी आडवी घातली. वर म्हणालो, "कोणी घाबरू नका, मी जरा झोपतो!"

पुढच्या रांगेत हिराजी चुळबुळला. मग उभा राहिला. मग त्याला राहवेनाच! "अरे बुडवशील सगळ्यांना! रघ्या, दोर सोड! सोड दोर!"

तांडेलाचा शब्द आला की खलाशी विचार करत नाही. रघ्यानं दोर सोडला. पडदा, बांबू, झेंडूच्या माळा, सगळं माझ्या डोक्यावर!

पडद्याखाली मला एक आवाज ऐकू आला. पावसाळाभर बंद असलेलं इंजिन सुरू व्हावं तसा. घर्र... घर्र... आणि मग धडधडधड!

"अगो बाय," पारूवहिनी किंचाळली, "हा हसला!"

मी पडद्याखालीच नाचलो.

*

हिराजी शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी पारूवहिनीचं लुगडं नेसून, मिशीसकट स्टेजवर हजर! आसपासचे पाडे लोटले होते.

मी सासू. खाटेवर पाय पसरले आणि वर्षाचा सगळा माज आवाजात आणून म्हणालो, "सूनबाई, चहा ठेव गो!"

सूनबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला, छाती फुगवली आणि गरजल्या, "रघ्या, चहा ठेव!"

प्रेक्षकांतला रघ्या उठला, आणि किटली घेऊनच परत आला.