उभ्या गाडीची बॅटरी जाते कुठे?

इलेक्ट्रिक गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काउंटरवर बसायला लागले, तेव्हापासून आमच्या घरी जेवताना टीव्ही लागत नाही. "आज काय झालं गं?" एवढं कुणी विचारायचा अवकाश! तक्रार बहुतेक एकच असते. "अहो मॅडम, गाडी नुसती उभी होती, तरी बॅटरी उतरली!"

मग आमचे मेकॅनिक सलीमभाई गाडीला लॅपटॉप जोडतात, आणि मी समोरच्याला चहा देऊन बोलतं करते.

*

खराडीच्या आयटीतला एक मुलगा आला. नवी कोरी गाडी, चेहरा रडवेला. "दिवसभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते. संध्याकाळी बघतो तर चार्ज कमी!"

सलीमभाईंनी लॅपटॉप बघितला आणि विचारलं, "सर, मोबाइलवर अ‍ॅप किती वेळा उघडता?"

"सारखंच. काळजी वाटते ना!"

"प्रत्येक वेळी गाडी झोपेतून उठते आणि तुम्हाला उत्तर देते. बॅटरी त्यातच जाते."

बिचारा ओशाळला. म्हणाला, "आता नाही उघडणार. प्रॉमिस!" दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "आत्ता एकदा बघू?"

*

बिबवेवाडीचं एक कुटुंब. सून आणि सासूबाई दोघी आल्या. त्यांची गाडी अगदी दाराला खेटून उभी असते, आणि किल्ली दारामागच्या खिळ्याला. किल्ली इतकी जवळ असली की गाडीला वाटतं, मालक आले! ती झोपतच नाही.

मी म्हटलं, "किल्ली आतल्या खोलीत ठेवा, बस्स."

सासूबाईंनी डोळे मोठे केले. "म्हणजे रात्रभर ती जागी असायची?"

"हो ना, काकू."

"अगं बाई! मला वाटायचं, आमच्याकडे मी एकटीच."

*

लोहगावच्या बाजूचे एक पाटील आले. लग्नाला गेले होते, परत निघताना गाडी सुरूच होईना. शेवटी टेम्पोवर टाकून आणली.

"ताई, चाक बी हललं न्हाय! मंडपामागं सावलीत उभी व्हती, अन् बॅटरी खल्लास!"

सलीमभाई म्हणाले, "पाटील, एसी सकाळपासून चालू होता. आत कोणीतरी बसलं होतं."

पाटलांनी कपाळाला हात लावला. "जावई! मानपानावरनं रुसून गाडीत जाऊन बसलं व्हतं."

मी विचारलं, "मग खाली उतरवलं कसं?"

"उतरवलं कुठं? एसी बंद पडला, तसं आपलंआपण उतरलं!"

*

एक गृहस्थ आले. सोसायटीत शेजाऱ्यांशी पार्किंगवरून भांडण, बोलणं बंद. शेजारी गाडीला ओरखडे काढतील या संशयाने त्यांनी गाडीचा कॅमेरा कायम चालू ठेवला होता. बॅटरी खात होता तोच!

"बंद करायच्या आधी पुरावा बघू," ते म्हणाले. आम्ही रेकॉर्डिंग लावलं. शेजारी आलेच! गाडीजवळ थांबले आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर ओरडले, "अरे, लांब खेळा! तो माणूस भांडकुदळ आहे, पण गाडीला फार जपतो बिचारा!"

गृहस्थ स्क्रीनकडे सरकले. मग हळूच म्हणाले, "जरा मागे घ्या हो. बिचारा म्हणाले ना?"

*

आणि विश्रांतवाडीचे एक काका. निवृत्त, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. पुतण्या त्यांना गाडीसकट सोडून कामाला गेला.

"गाडी मुलीने घेऊन दिली. ती जर्मनीत असते," काका म्हणाले. "हल्ली पार्किंगमध्येच उभी असते, कुठे जात नाही. तरी बॅटरी रोज उतरते."

सलीमभाईंनी सगळं तपासलं. काही सापडेना. "संध्याकाळपर्यंत राहू द्या, बघतो."

"मी बसतो इथेच."

चारच्या सुमारास आम्ही चहा घेत होतो, आणि रिकाम्या गाडीत एकदम एसी सुरू झाला! सलीमभाईंचा चहा हिंदकळला. "अरे, आत कोण आहे?"

कोणीच नव्हतं. सलीमभाई लॅपटॉपकडे धावले. "अ‍ॅपवरून लावलाय कुणीतरी. काका, अ‍ॅप तुमच्या फोनमध्ये आहे?"

"नाही. मुलीच्या." काकांनी घड्याळात बघितलं. "जेवायची सुट्टी झाली असेल तिची."

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी रोज या वेळेला मित्रांकडे पत्ते खेळायला जायचो. गाडीत बसलो की छान गार असायचं. मला वाटायचं, पार्किंगच थंड आहे."

"आता जात नाही?" मी विचारलं.

"डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गाडी चालवणं बंद. तिला सांगितलं नाही."

"मग सांगून टाका ना, काका! ती एसी लावणार नाही, आणि बॅटरीही उतरणार नाही."

काका उठले. गाडीचं दार उघडून आत, त्या गारव्यात जाऊन बसले.

"तेच तर नकोय," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.