दोन इंच कमी

कोरेगावजवळच्या आमच्या गावात बावीस वर्षं मी बायकांचे ब्लाऊज शिवतेय आणि तेवढीच वर्षं खोटं बोलतेय. माप घेताना तोंडानं आकडा दोन इंच कमी सांगायचा आणि वहीत खरा लिहायचा, ही माझी रीत. सुरुवातीला एका नव्या गिऱ्हाइकाला मी सरळ "कंबर चाळीस" म्हणून सांगितलं होतं. बाई अशी फुगली की कापड काखेत मारून दुसऱ्या टेलरकडं गेली, आणि माझी टेप आखडलीय असं आख्ख्या आळीला सांगत गेली. तेव्हापासून मी शहाणी झाले. अडतिसाला छत्तीस म्हणायचं. बाई खूश, ब्लाऊज खऱ्या मापाचा, कुणाचं काही बिघडत नाही, असं आपलं मला वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात गावच्या समाजमंदिरात बायकांसाठी हृदयाच्या तपासणीचं शिबिर भरलं. नर्स तरुण होती, सांगलीकडची, बोलायला गोड. तिनं आधी समजावून सांगितलं, की हार्टचं दुखणं म्हणजे पुरुषांचं असं आपण धरून चालतो, पण पाळी गेल्यावर बाईचाही धोका वाढतो. पोटाचा घेर वाढला की बऱ्याचदा रक्तातली चरबीही वाढलेली असते. आणि बाईला छातीतच कळ येईल असं नाही, पाठीत येते, जबड्यात येते, कधी नुसता दम लागतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण तिनं टेप बाहेर काढली तशी एकही बाई पुढं होईना. परकीनं पोटाला हात लावायचा म्हणजे काय. मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या टेलरबाईला घिऊ द्या की माप. तिला आमचं समदं ठावं हाय."

नर्सला हायसं वाटलं. मी बेंबीच्या वर टेप धरायची, आकडा सांगायचा, तिनं लिहायचा, असं ठरलं. रक्त घ्यायच्या नळ्या मोजक्याच होत्या, म्हणून पस्तीस इंचांच्या वर भरेल तिचंच रक्त आधी घेणार होते.

आणि मी सुरू झाले. तोंडाला सवय ती सवय, खरा आकडा माझ्या वहीत आणि दोन इंच कमी तोंडात. तेहतीस, चौतीस, बत्तीस, परत चौतीस. नर्स कौतुकानं म्हणाली, "तुमच्या गावच्या बायका चांगल्याच फिट आहेत हो." मला तर बाई अभिमानच वाटला. आज हे सांगताना लाज वाटते.

रांगेत शेवटी माझी थोरली जाऊ होती. मी तिला आक्का म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरीसुद्धा थापता येत नव्हती. तिनं मला घडवलं, आणि माझी पहिली मशीनही तिनंच सासऱ्यांशी भांडून घ्यायला लावली. तिचं माहेर सांगलीचं, त्यामुळं घरात भडंगाचा डबा कधी रिकामा नसतो. तिची टेप छत्तीसवर आली. "चौतीस," मी म्हणाले. नर्सनं लिहिलं, आणि आक्का पदर सारखा करून घरी निघाली.

दुपारी तिच्या मुलाचा फोन आला. तो फौजेत आहे, आणि महिनाभर आईच्या मागं लागला होता, की साताऱ्याला जाऊन दाखवून ये. तिला जिना चढताना दम लागायचा, पाठीत दोन खांद्यांच्या मधे दुखायचं, आणि ती त्याला पित्त म्हणायची. आता ती फोनवर ऐटीत सांगत होती, "आरं, नर्सनं सोडलं मला. चौतीस भरली. आता साताऱ्याचं नाव काढू नगंस." पलीकडून तो म्हणाला, "बरं झालं आई, आता निवांत झोप लागेल मला." ते ऐकलं आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला.

फोन ठेवून आक्का वाळवणाच्या मिरच्या घेऊन गच्चीकडं निघाली आणि अर्ध्या जिन्यात कठड्याला धरून उभी राहिली. ही बाई गेली तर मी कुणाच्या जिवावर राहायचं, एवढंच डोक्यात आलं. मी वर धावले.

"आक्का, तुमी चौतीस न्हाई. छत्तीस हाय."

"आगं, मग म्हणालीस कशाला?"

"सवयीनं."

"आन बाकीच्या बायका?"

"समद्याच."

ती पायरीवर बसली. चिडेल असं वाटलं होतं, पण शांतपणे म्हणाली, "जा आदी. त्या पोरीची गाडी निघायच्या आत गाठ तिला."

मी मापाची वही घेऊन पळाले. नर्स सामान गाडीत ठेवत होती. धापा टाकत सगळं सांगितलं तशी ती आधी हसली, मग तिचा चेहरा गंभीर झाला. "काकू, ब्लाऊज उसवून सैल करता येतो. हृदयाची रक्तवाहिनी नाही हो करता येत." मी वही तिच्यापुढं धरली. वहीतले आकडे बघून तिनं नवी यादी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना काही न खाता उपकेंद्रात बोलावलं. घरोघरी सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. बोलणी खाल्ली म्हणजे किती खाल्ली. एकीनं तर दारातच सुनावलं, "बावीस वर्सं मी चौतीसच हाय, तुजी वही खोटी." पण सकाळी आली बरं का ती, सगळ्यांच्या आधी.

आक्काच्या रक्तातली चरबी लय वाढलेली निघाली. मग साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिला फिरत्या पट्ट्यावर चालवलं, आणखी तपासण्या केल्या, आणि हृदयाला रक्त कमी पोचतंय, पण वेळेत आलात, असं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. भडंगातलं तेल आणि शेंगदाणे कमी झाले, यावर ती अजून कुरकुरते. रोज सकाळी आम्ही कालव्याच्या कडेनं चालायला जातो, आता आणखी सात-आठजणीही येतात. चार महिन्यांनी परत रक्त तपासलं तर आकडे बरेच खाली आले होते. रिपोर्ट घेऊन ती माझ्या मशीनपाशी आली. मला रडूच आलं. बरं वाटून आलं, दुसरं काही नाही.

"झालं व्हय रडून?" ती म्हणाली. "आता ऊठ."

"का?"

"आख्ख्या गावाचं माप घेतलंस. तुजं कुणी घेतलं?"

माझ्या गळ्यातली टेप तिनं ओढून घेतली. मी काम पडलंय म्हणाले, उद्या बघू म्हणाले, ती ऐकेना. टेप पोटाभोवती आली तशी मी नकळत पोट आत ओढून घेतलं.

"श्वास सोड," आक्का म्हणाली.

मी सोडला. ती चष्मा खाली ओढून बराच वेळ आकडा बघत राहिली. मग तिनं तो सांगितला, खरा, पुरा, बाहेर ओट्यावर बसलेल्या बायकांना ऐकू जाईल असा. तिच्यापेक्षा तीन इंच जास्त होता. मला तर तो कधी माहीतच नव्हता.

"सोमवारी साताऱ्याला," ती म्हणाली. "मी संगं येते. जाताना काय खाऊ नगंस."